चित्रेजवळची धग

नेवाशाच्या पैस खांबावर कोरलेला लेख तेलाबद्दलचा आहे. या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० ला, गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. खांबापुढे आलेला माणूस त्या स्मरणानं वाकतो. दगडावरच्या अक्षरांकडे त्याचं लक्ष सहसा जात नाही. त्या अक्षरांत ज्ञानेश्वर नाहीत, गीताही नाही. करवीरेश्वराच्या देवळातला दिवा अखंड तेवावा म्हणून कुणा दात्यानं तेलाची सोय लावून दिली, एवढंच तिथे नोंदलेलं आहे. ते देऊळ गेलं, दिवा विझला, तेलाची नोंद तेवढी दगडावर राहिली.

दुर्गा भागवतांनी या खांबावर लिहिलं. त्या लेखाचं आणि संग्रहाचं नाव ‘पैस’. त्या पुस्तकाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्यानंतर खांबाविषयी वेगळं काही लिहावं असं मला वाटत नाही. मला धरून ठेवलंय ते त्या तेलानं. जे जळतं ते सरतं, आणि सरू नये असं वाटत असेल तर कुणीतरी ते पुरवत राहावं लागतं, हे त्या दात्याला नीट कळलेलं होतं. नेमका हाच प्रश्न आज आकाशातल्या एका जागेबद्दल विचारला जातोय, आणि त्याचं उत्तर शोधण्यात जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या दुर्बिणीचा वाटा आहे. म्हणून हा लेख.

आधी ती जागा सांगतो. चैत्रातल्या मध्यरात्री चित्रा दक्षिणेला उंच चढलेली असते. निळसर पांढरी, एकटी, ओळखायला सोपी. चैत्राला त्याचं नाव तिनंच दिलं. नेवाशाला माझं आजोळ. प्रवरेच्या काठावर गावाकडे पाठ करून उभं राहिलं की दिव्यांचा उजेड मागे राहतो आणि दक्षिणेचं आभाळ बऱ्यापैकी काळं मिळतं. हात लांब करून मूठ आभाळावर धरावी. चित्रेच्या खाली, किंचित उजवीकडे, अर्ध्या मुठीहून जरा जास्त अंतरावर एनजीसी ५०४४ नावाची दीर्घिका आहे, आणि तिच्याभोवती लहान लहान दीर्घिकांचा गोतावळा. चित्रेच्या उजव्या हाताला, मूठभराच्या आतच, आणखी एक गट आहे: चार दीर्घिका एकमेकींना खेटून बसलेल्या. कॅनडातल्या पॉल हिक्सन यांनी १९८२ मध्ये अशा दाटीवाटीच्या शंभर गटांची यादी केली, तिच्यातला हा बासष्टावा. नुसत्या डोळ्यांना दोन्हींतलं काही दिसत नाही. बरी दुर्बीण असेल तर पहिल्याच्या जागी धुरकट ठिपका दिसतो.

मामांना मी एकदा हे दाखवत होतो, म्हणजे जिथे काही दिसत नाही ती जागा दाखवत होतो. मी म्हटलं, ‘‘मामा, त्या ठिपक्यांच्या मधे जे मोकळं आहे ना, ते मोकळं नाही. तिथं वायू आहे, एक कोटी अंशांपर्यंत तापलेला.’’ मामा आयुष्यभर उसाला पाणी देत आलेले, रात्रीच्या पाळीला बांधावर बसून आभाळ बघितलेले. ते म्हणाले, ‘‘एवढं तापलंय अन् दिसत कसं नाही रे? तापलेलं तर आधी दिसतं.’’

प्रश्न अगदी रास्त होता. लोखंड तापलं की लाल होतं, आणखी तापलं की पिवळं, मग पांढरं. पण ही चढण पांढऱ्यापाशी थांबत नाही. पदार्थ लाखो अंशांच्या पुढे गेला की त्याचा बहुतेक प्रकाश आपल्या डोळ्यांच्या पट्ट्यातून निसटून क्ष-किरणांत जातो. म्हणजे तो वायू प्रकाशतो आहेच, फक्त आपल्याला नसलेल्या डोळ्यांसाठी. दवाखान्यातला एक्स-रे आणि हा क्ष-किरण जातीनं एकच. दवाखान्यात यंत्र किरण सोडतं आणि हाड त्यांना अडवतं, इथे किरण सोडणारा खुद्द तो वायू आहे. आणि हे किरण नेवाशापर्यंत पोचत नाहीत. पृथ्वीची हवा ते वरच्या वर शोषून घेते. आपण जिवंत आहोत ते बऱ्याच अंशी त्यामुळेच, आणि या जागेबद्दल १९६० च्या दशकापर्यंत माणसाला काही कळलं नव्हतं तेही त्यामुळेच.

आता एक कोटी अंश म्हणजे किती? सूर्याच्या गाभ्यात दीड कोटीच्या आसपास अंश असतात. म्हणजे दीर्घिकांमधली ही ‘रिकामी’ जागा जवळजवळ सूर्याच्या गाभ्याइतकी तापलेली. पण विरळपणा असा, की एका घनमीटरात जेमतेम हजारभर कण, बाहेरच्या बाजूला शंभरेक. प्रयोगशाळेतली उत्तमातली उत्तम पोकळी याहून दाट असते. तिथे हात धरला तर हात भाजणार नाही, गारठून जाईल. प्रत्येक कण भयंकर वेगात, पण आपल्याला येऊन आदळायला कणच नाहीत. तरीही ही विरळ वाफ दहा लाख प्रकाशवर्षांच्या घरात पसरलेली असल्यानं तिचं एकूण वजन साऱ्या ताऱ्यांच्या वजनाशी स्पर्धा करतं. मोठ्या समूहांत तर ती ताऱ्यांना कितीतरी मागे टाकते. माणसानं हजारो वर्षं तेजाचे ठिपके मोजले, त्यांना नावं दिली, महिने त्यांच्यावर बेतले. आपल्याला ठाऊक असलेल्या साध्या पदार्थाचा केवढा तरी वाटा मात्र ठिपक्यांच्या मधल्या जागेत होता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आभाळ नव्यानं बघावंसं वाटलं, आणि अजूनही तसंच वाटतं.

हा वायू तापला कसा, याचं उत्तर गुरुत्वाकर्षणात आहे. गटातलं बहुतेक वजन ना ताऱ्यांत असतं ना वायूत. ते न दिसणाऱ्या कृष्णद्रव्यात असतं. त्या वजनाच्या खळग्यात वायू बाहेरून कोसळतो, कोसळताना वेग घेतो, आदळतो, आणि तो वेग उष्णतेत बदलतो. खळगा जितका खोल तितकी धग जास्त. म्हणून वायूचं तापमान मोजलं की खळग्याची खोली कळते, आणि खोलीवरून न दिसणारं वजन कळतं.

१२ डिसेंबर १९७० ला केनियाच्या किनाऱ्यावरून ‘उहुरू’ हा क्ष-किरणांचा पहिला सर्वेक्षण-उपग्रह सुटला, आणि शेकडो-हजारो दीर्घिकांच्या मोठ्या समूहांभोवती पसरलेली क्ष-किरणांची प्रभा त्याला दिसली. पण ते समूह म्हणजे विश्वातली महानगरं. बहुतेक दीर्घिका तिथे राहत नाहीत. त्या राहतात तीन-चार, दहा-वीस, फार तर पन्नास जणींच्या गटांत. आपली आकाशगंगाही देवयानीतल्या मोठ्या दीर्घिकेबरोबर अशाच एका गटात आहे. गटांचा खळगा उथळ, धग कमी, प्रभा फिकी. त्यांच्यात असा वायू आहे की नाही हेच कितीतरी वर्षं नक्की ठरेना. १९९० मध्ये गेलेल्या ‘रोसॅट’ या उपग्रहानं ते ठरवलं. एनजीसी २३०० या मोजक्याच दीर्घिकांच्या गटाभोवती कोटीच्या आसपास अंशांचा वायू पसरलेला असल्याचं १९९३ मध्ये जाहीर झालं, आणि त्याला धरून ठेवायला ताऱ्यांचं वजन मुळीच पुरेसं नाही हेही. त्याच वर्षी ट्रेव्हर पॉनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं हिक्सनच्या बासष्टाव्या गटातला वायू दाखवला.

एनजीसी २३०० कुठे आहे, हे नकाशात बघितलं तेव्हा मला फार आनंद झाला. ध्रुवापासून चारेक अंशांवर! नेवाशाचा अक्षांश साडेएकोणीस, म्हणून ध्रुव इथे क्षितिजापासून साडेएकोणीस अंश वर. त्याच्या शेजारी दोन-तीन बोटांवर ती जागा रोज रात्री असते, उगवत नाही, मावळत नाही. मामांच्या अंगणातून उत्तरेला बघितलं की कडुनिंबाच्या शेंड्यावर ध्रुव दिसतो. ज्या गटानं पहिल्यांदा सांगितलं की लहान वस्त्यांमध्येही एवढी धग असते, तो त्या शेंड्याजवळच.

लहान वस्त्यांची ही गोष्ट मला नेवाशात बसून जास्त पटते, आणि त्याला कारण आहे प्रवरेकाठची लाडमोड टेकडी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया १९५४ ते १९५६ या काळात इथे खोदत होते. नेवासा काही राजधानी नव्हतं. पण एकाच जागी थरावर थर सापडले: खाली नदीच्या गाळात दगडी हत्यारांचे दोन काळ, वर ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची वस्ती, त्याच्या वर इतिहासकाळ, रोमन मद्यकुंभांचे तुकडे, आणि माथ्यावर मध्ययुग. घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं मिळाली. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या आत अडकून राहिलेला धागा तीन हजार वर्षं टिकला होता. त्यात कापूस आणि रेशीम ओळखू आलं. १९६० साली छापलेल्या त्या अहवालानं दख्खनच्या प्राचीन काळाचा क्रम लावायला जेवढी मदत केली, तेवढी मोठमोठ्या नगरांनीही केली नसेल. मोठं शहर स्वतःच्याच पायाखालचं उपसून टाकत वाढतं. लहान गाव थर राखतं.

त्या थरांमध्ये एक धातू खूण म्हणून वापरता येतो. ताम्रपाषाणाच्या थरात लोखंड नाही. इतिहासकाळाच्या थरात ते येतं. दीर्घिकांच्या गटातही हीच खूण चालते, हे कळलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. मोठ्या समूहांचा वायू इतका तापलेला असतो की त्याचा बहुतेक क्ष-प्रकाश इलेक्ट्रॉनांच्या नुसत्या वळण्या-वाकण्यातून येतो. गटांचा वायू त्यामानानं मवाळ. एक कोटी अंशांना लोखंडाच्या अणूचे सव्वीसपैकी बरेचसे इलेक्ट्रॉन गळून गेलेले असतात, पण थोडे चिकटून राहतात, आणि ते उड्या मारताना ठरलेल्या ऊर्जेचा प्रकाश सोडतात. गटांच्या वर्णपटात मधोमध जो उंचवटा दिसतो तो मुख्यतः लोखंडाचा. विश्वाच्या आरंभी लोखंड नव्हतं. ते सगळं ताऱ्यांच्या स्फोटांनी घडवलं. म्हणजे दीर्घिकांच्या मधे पसरलेल्या त्या वायूत मेलेल्या ताऱ्यांचा हिशोब आहे: केंद्राजवळ लोखंड जास्त, बाहेर जावं तसं कमी, आणि कुठे किती यावरून किती स्फोट झाले आणि त्यांची राख कुणी कुठवर वाहून नेली हे वाचता येतं. सांकलियांच्या खड्ड्यात थर खालून वर वाचायचे. इथे आतून बाहेर.

आता तेलाकडे येतो. प्रकाशतो तो थंड होतो. एनजीसी ५०४४ च्या केंद्राजवळचा वायू दाट आहे, म्हणून जास्त प्रकाशतो, म्हणून लवकर निवतो. हिशोब केला तर अगदी आतल्या भागाला निवायला काही कोटी वर्षं पुरतात. गटाचं वय त्याच्या कितीतरी पट. तेव्हा मधला वायू केव्हाच गार होऊन केंद्रात कोसळायला हवा होता आणि त्यातून ताऱ्यांच्या पिकांमागून पिकं यायला हवी होती. तसं झालेलं नाही. मधली दीर्घिका म्हातारी आहे, तिच्यात नवे तारे जवळजवळ नाहीत, आणि वायू अजून धगधगतो आहे. दिवा तेवतोय, तर तेल कोण घालतंय?

उत्तर जिथून आलं ती दोन ठिकाणं एकमेकांपासून फार लांब आहेत. एक पृथ्वीबाहेर. २३ जुलै १९९९ ला अवकाशात गेलेली ‘चंद्रा’ ही क्ष-किरण वेधशाळा. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव तिला दिलं आहे. चंद्राकडे जायच्या वाटेवर तिसऱ्या हिश्श्याइतकी दूर जाणाऱ्या लांबट कक्षेत ती फिरते. क्ष-किरण सरळ आरशावर आदळला तर आत घुसतो, परावर्तित होत नाही. म्हणून तिचे आरसे थाळीसारखे नसून नळकांड्यांसारखे आहेत, एकात एक बसवलेले, आतून इरिडियमचा मुलामा दिलेले. किरण त्यांना अगदी तिरपा घासून जातो आणि वळतो. मग ती तासन्‌तास एका जागेकडे रोखून एकेक किरण टिपते: कुठे पडला, केव्हा पडला, किती ऊर्जेचा. या टिपण्यातला संयम मला कुठल्याही साधनेइतका मोठा वाटतो.

दुसरं ठिकाण खोडद. गोविंद स्वरूप यांनी तिथे आणि आसपासच्या गावांत पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या उभ्या करवल्या. या दुर्बिणीला जग जीएमआरटी म्हणून ओळखतं. थाळी भरीव पत्र्याची केली असती तर वाऱ्याचा रेटा सांभाळायला पोलादाचा डोंगर लागला असता. स्वरूप यांनी ती तारांची जाळी केली. वारा आरपार जातो, मीटरभर लांबीची रेडिओ लहर मात्र अडते. कमी खर्चात जगातल्या अव्वल दुर्बिणींच्या रांगेत बसेल अशी दुर्बीण उभी करणारं ते डोकं होतं. स्वरूप २०२० मध्ये गेले. नारायणगावच्या बाजूनं जाताना द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या रानांतून त्या थाळ्या दिसू लागतात, आणि मला दर वेळी गाडी थांबवून उतरावंसं वाटतं.

‘चंद्रा’नं एनजीसी ५०४४ कडे नीट बघितलं तेव्हा तो वायू शांत, गोल, एकसारखा नव्हता. त्यात पोकळ्या होत्या, लहान लहान, बऱ्याच, केंद्राच्या जवळजवळ सगळ्या बाजूंना. गार वायूचे पातळ धागे होते. एका बाजूला अर्धवर्तुळाकार कड होती, गार आणि उष्ण वायूची शीव. आणि दोन हातांची नागमोडी वळणं. लॉरेन्स डेव्हिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सहकाऱ्यांत सोमक रायचौधुरी होते, जे पुढे पुण्याच्या ‘आयुका’चे संचालक झाले. या अभ्यासाची दुसरी बाजू खोडदची होती. ६१० मेगाहर्ट्झला दुर्बिणीला कड्याच्या आकाराचं रेडिओ उत्सर्जन दिसलं, आणि गार वायूचा सर्वांत मोठा धागा त्या कड्यातून ओवल्यासारखा गेलेला. २३५ मेगाहर्ट्झला चित्र पार बदललं. उत्सर्जन कितीतरी लांबवर पसरलेलं, सर्वांत मोठ्या पोकळीतून जाणारं, गार कडेच्या मागे वळलेलं, आणि त्या कडेपलीकडे एक सुटा पडलेला ढग.

दोन वारंवारतांना दोन चित्रं का, हे सांगायला हवं, कारण खोडदचं मोल तिथेच आहे. केंद्रातल्या कृष्णविवराच्या तोंडाशी वायू पडतो तेव्हा सगळा आत जात नाही. काही भाग दोन बाजूंना झोतांच्या रूपानं प्रचंड वेगात बाहेर फेकला जातो. झोतातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरत रेडिओ लहरी सोडतात आणि सोडता सोडता दमतात. सर्वांत जोमदार असतात ते सर्वांत आधी दमतात, म्हणून वरच्या वारंवारता आधी मावळतात. दमलेले, जुने इलेक्ट्रॉन खालच्या वारंवारतेवर मात्र फार काळ कुजबुजत राहतात. खोडदची दुर्बीण ही कुजबुज ऐकण्यासाठीच बांधल्यासारखी आहे. ‘चंद्रा’ला पोकळी दिसते; ती कशानं पोखरली हे खोडद सांगतं.

मग गोष्ट जुळते. वायू निवतो, थोडा थोडा केंद्राकडे झिरपतो. २०१४ मध्ये चिलीतल्या ‘आल्मा’ दुर्बिणीला एनजीसी ५०४४ च्या पोटात गार रेण्वीय वायूचे दोन डझन ढग दिसलेच. त्यातला अंश कृष्णविवराला मिळतो. कृष्णविवर झोत सोडतं, झोत वायूत बुडबुडे फुगवतो, बुडबुडे वर चढताना तळाचा गार वायू सोबत उचलतात, भोवतालच्याला ढवळतात, तापवतात. वायू तापला की झिरपणं थांबतं, कृष्णविवर उपाशी राहतं, झोत मावळतो; वायू पुन्हा निवू लागतो. करवीरेश्वराच्या दिव्याला बाहेरून दाता लागला. हा दिवा स्वतःच्या धगीतून स्वतःचं तेल काढतो. आणि पुरवठा करणारा कोण, तर ज्याच्या नावानं आपण फक्त गिळणं ओळखतो तो.

लहान बुडबुडे केंद्रातल्या झोताच्या हातून सुटलेले असतात आणि गटातलं वारं त्यांना नेईल तिकडे जातात. तिथे हवामान आहे! एनजीसी ५०५४ नावाची एक सर्पिल दीर्घिका जवळून गेली असावी आणि तिच्या ओढीनं सारा वायू हिंदकळू लागला असावा, असं अभ्यासकांनी मांडलं आहे. नागमोडी वळणं आणि गार कड ही त्या हिंदकळण्याची खूण, वाकलेला जुना रेडिओ ढगही त्याचाच परिणाम. चित्रेच्या उजवीकडच्या बासष्टाव्या गटातही दोन ठसठशीत पोकळ्या आहेत, आणि २०१० मध्ये मिरियम गिट्टी आणि सहकाऱ्यांनी खोडदच्या साहाय्यानं दाखवलं की जुने इलेक्ट्रॉन त्या पोकळ्यांच्याही पुष्कळ बाहेरवर पसरलेले आहेत. क्ष-किरणांत काही दिसत नाही तिथेही कधीकाळी झोत पोचला होता.

मोठ्या समूहात हे सगळं घडतं, पण तिथला खळगा इतका खोल की झोतानं कितीही उसळवलं तरी वायू घरातच राहतो. गटात तसं नाही. उथळ खळग्याच्या काठावरून वायू बाहेर जातो, आणि गटात जितका साधा पदार्थ असायला हवा तितका वायूत सापडत नाही. लोखंडाचंही तेच, काही बाहेर वाहून गेलेलं. तो वायू कुठवर गेला, परत येतो का, हे आजचे खुले प्रश्न आहेत, आणि ते सोडवायला लहान गटच हवेत, कारण मोठ्या ठिकाणी ही ओढाताण दडून जाते. याच हेतूनं सव्वीस कोटी प्रकाशवर्षांच्या आतले त्रेपन्न गट निवडून त्यांचा क्ष-किरणांत आणि खोडदच्या रेडिओत पद्धतशीर अभ्यास झाला. त्यातल्या दाट वस्तीच्या सव्वीस गटांचा निकाल २०१७ मध्ये आला: चौदांमध्ये गटभर पसरलेला उष्ण वायू मिळाला. बाकीच्यांत तो आपल्या यंत्रांना दिसण्याइतका नाही. आपल्या शेजारच्या, क्ष-किरणांत तेजस्वी असलेल्या गटांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास अजून ओळखलेच गेले नसावेत, असंही त्या अभ्यासानं म्हटलं. शेजारचे!

एनजीसी ५०४४ चे जे क्ष-किरण आज ‘चंद्रा’त पडतात ते दहा-बारा कोटी वर्षांपूर्वी निघाले. नेवाशाखालचा काळा दगड, ज्या लाव्हानं सगळं दख्खन घडवलं तो, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे किरण निघाले तेव्हा प्रवरेचा काठ नव्हता आणि काठाखालचा खडकही नव्हता.

आपण स्वतःही अशाच वायूत बसलेले आहोत. २०१२ मध्ये अंजली गुप्ता, स्मिता माथुर आणि सहकाऱ्यांनी ‘चंद्रा’नं दूरच्या तेजस्वी स्रोतांचा प्रकाश तपासला आणि आकाशगंगेभोवती दहा-वीस लाख अंशांचा, लाखो प्रकाशवर्षं पसरलेला वायू असल्याचं मांडलं. तो प्रभेनं नव्हे तर सावलीनं सापडला, तापलेल्या ऑक्सिजननं मागच्या प्रकाशातून जे शोषलं त्यावरून. घरात बसून घराचा आकार काढणं अवघड, म्हणून आपल्याच वायूबद्दल अजून सर्वांत जास्त वाद आहेत.

‘चंद्रा’ची ही निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात, खोडदचीही. रॅड ॲट होम या भारतीय उपक्रमात तर विद्यार्थी आणि हौशी लोक २०१३ पासून जीएमआरटीचं आकाश चाळत आहेत. मामांच्या नातीला, ती बारावीला विज्ञान घेऊन शिकते, मी एनजीसी ५०४४ ची पोकळ्यांची प्रतिमा दाखवली. तिनं विचारलं, ‘‘या बुडबुड्यांचं वय कसं काढतात?’’ मी म्हटलं, साधा अंदाज असा, की बुडबुडा त्या वायूतल्या ध्वनीच्या वेगानं वर चढला असं धरायचं. तो वेग सेकंदाला पाचशे किलोमीटरच्या आसपास. केंद्रापासून तीस हजार प्रकाशवर्षांवरचा बुडबुडा घे. तिनं वहीच्या मागच्या पानावर तीन लाखाला पाचशेनं भागलं, सहाशे आले. प्रकाश सहाशे पट वेगवान, म्हणजे तीस हजारांच्या सहाशे पट वर्षं. एक कोटी ऐंशी लाख. आकडा बघून ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘‘पण तो ध्वनीच्या वेगानं चढतो हे कशावरून? पाण्यातला बुडबुडा तर किती हळू चढतो.’’ बरोबर हाच आक्षेप घेऊन शास्त्रज्ञ उत्प्लावनाचा वेग धरून दुसरं वय काढतात, आणि ते सहसा जास्त येतं. तिनं पान उलटलं आणि विचारलं, त्या सूत्राला काय काय लागतं.